बंदर कोणासाठी सुरक्षित होतं? फॉर्स्टर, देवास आणि एका न्हाव्याची न मिळालेली साक्ष

नगरहून पुण्याकडे निघालात की पारनेर तालुक्यातलं सुपे लागतं. आज सुपे म्हटलं की एमआयडीसी आठवते. पण माळव्यात धार आणि देवास ही संस्थानं उभी करणाऱ्या पवारांची मुळं याच परिसरातली. त्यातल्या तुकोजी आणि जिवाजी या भावांनी देवासला बस्तान बसवलं आणि पुढे देवासच्या थोरली पाती, धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. थोरल्या पातीच्या दरबारात १९२१ साली एक इंग्रज कादंबरीकार महाराजांचा खासगी सचिव म्हणून राहिला. त्याचं नाव ई. एम. फॉर्स्टर.

फॉर्स्टर समलिंगी होता. त्या काळातला समलिंगी प्रवासी कुठल्या गावात मोकळा श्वास घेऊ शकत होता, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर त्याचा प्रवास हे चांगलं उदाहरण आहे. आणि अशा प्रश्नात संशोधक कुठे घसरतो, याचंही.

आधी कायदा बघू. इंग्लंडमध्ये १८८५च्या कायद्याने पुरुषांमधले सगळेच लैंगिक संबंध गुन्हा ठरले आणि त्याच कायद्याखाली १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्डला शिक्षा झाली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६२ पासून कलम ३७७ लागू होतं. इटलीच्या १८८९च्या दंडसंहितेत मात्र असा गुन्हाच नव्हता. म्हणून उत्तर युरोपातले अनेक पुरुष नेपल्स आणि काप्रीकडे जायचे. पण कायदा नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. जर्मन उद्योगपती क्रुप याच्या काप्रीतल्या वर्तनावर वर्तमानपत्रांनी गदारोळ केला आणि त्यातच १९०२ साली त्याचा मृत्यू झाला. पोलीस येत नसले तरी बातमीदार येत होते.

फॉर्स्टर ७ ऑक्टोबर १९१२ रोजी याच नेपल्सच्या बंदरात बोटीवर चढला आणि २२ ऑक्टोबरला मुंबईला उतरला. त्या फेरीत तो देवासला जाऊन आला. परतीच्या आधी, मार्च १९१३ मध्ये, औरंगाबाद आणि वेरूळही त्याने पाहिलं. पहिल्या महायुद्धात तो रेड क्रॉसच्या कामासाठी अलेक्झांड्रियात होता. तिथे त्याचं मोहम्मद अल-अद्ल या ट्राम कंडक्टरवर प्रेम जडलं. १९२१ मध्ये पुन्हा हिंदुस्थानात येताना बोट पोर्ट सईदला थांबली, तेव्हा काही तास त्या दोघांची भेट झाली. पुढच्याच वर्षी मोहम्मद क्षयाने गेला.

त्याच १९२२ साली फॉर्स्टरचं अलेक्झांड्रियावरचं पुस्तक आलं, अर्धा इतिहास आणि अर्धी प्रवाशांसाठी वाटाड्या. त्यात ट्रामचे मार्ग आहेत. पण ज्या माणसामुळे ते शहर त्याचं झालं, त्याच्याबद्दल त्यात काही सापडत नाही. इथे थांबा. छापील मार्गदर्शिका वाचून ‘या शहरात असं काही नव्हतं’ असा निष्कर्ष काढला असता, तर आपण सपशेल चुकलो असतो.

आता देवास. १९५३ साली फॉर्स्टरने देवासच्या पत्रांचं ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक काढलं. गोकुळाष्टमीचा उत्सव, दरबारातला गोंधळ, महाराज तुकोजीराव तिसरे यांच्यावरचा जिव्हाळा, सगळं त्यात आहे. एक गोष्ट नाही. ती त्याने वेगळी लिहून ठेवली होती. त्याच्या मृत्यूनंतर, १९८३ मध्ये ती छापली गेली. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये हा गुन्हाच होता, कायदा १९६७ साली सैल झाला. म्हणजे पहिल्या पुस्तकातलं मौन हे विस्मरण नव्हे, कायद्याच्या धाकाने केलेली काटछाट आहे. साधन हाती आलं की दोन तारखा लिहून ठेवा: कधी लिहिलं आणि कधी छापलं. मधल्या अंतरात बराच इतिहास दडलेला असतो.

त्या मागे ठेवलेल्या मजकुरात काय आहे? आपल्याबद्दल कुजबुज सुरू झाली असावी या भीतीने फॉर्स्टरने महाराजांना सगळं सांगून टाकलं. महाराज रागावले नाहीत. उलट त्यांनी दरबारातल्या एका न्हाव्याची सोय करून दिली. फॉर्स्टर त्याचं नाव ‘कनाया’ असं लिहितो.

इथे मोह होतो. ‘मराठा दरबार किती उदार होता!’ हे वाक्य प्रबंधात छान दिसेल. पण पुढे वाचा. कनायाने बाहेर तोंड उघडलं म्हणून फॉर्स्टरने त्याला मारलं, आणि नंतरच्या भेटींमध्ये आपल्यात क्रौर्य आल्याचं तो स्वतःच लिहितो. एकीकडे महाराजांचा सचिव, दुसरीकडे हुकमाचा ताबेदार. त्या न्हाव्याला ‘नाही’ म्हणता आलं असतं का? त्याची साक्ष आपल्याकडे नाही. आहे ते फक्त साहेबाचं लिखाण, साहेबाच्याच अक्षरात.

म्हणून ‘देवास समलिंगी माणसाला अनुकूल होतं का?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणासाठी अनुकूल, हे विचारल्याशिवाय त्याचं उत्तर देऊ नका. नेपल्सचं बंदर, पोर्ट सईदचा धक्का, देवासचा वाडा या तिन्ही ठिकाणी प्रवाशाला मोकळीक मिळाली. त्यामागे त्याचा पासपोर्ट, पैसा आणि गोरी कातडी होती. मोहम्मद आणि कनाया बोटीत बसून निघून जाऊ शकत नव्हते. गावातली बदनामी त्यांनाच झेलायची होती.

याचा अर्थ फॉर्स्टरला खलनायक ठरवा, असा नाही. ज्या माणसाला आपली ‘मॉरिस’ ही कादंबरी हयातीत छापता आली नाही (ती त्याच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये आली), तोही कायद्याने पिचलेलाच होता. एकच माणूस एका नात्यात पीडित आणि दुसऱ्या नात्यात सत्ताधारी असू शकतो. प्रबंधात दोन्ही बाजू मांडता आल्या पाहिजेत.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. त्या निकालात ‘संमती’ हा शब्द कळीचा आहे. जुन्या साधनांमध्ये प्रेम शोधायला निघालात तर हाच शब्द सोबत ठेवा. आणि शोध घेताना ‘समलिंगी’ हा शब्द सूचीत मिळेल अशी वाट बघू नका, तेव्हा तो या अर्थाने नव्हताच. पगारपत्रकं, नोकरांच्या याद्या, तक्रारअर्ज, बदल्यांचे हुकूम चाळा. मोडी येत नसेल तर आधी शिका. साहेबाच्या वहीत नसलेला माणूस कदाचित कुठल्या तरी यादीत एका ओळीपुरता भेटेल. भेटला, तर त्या ओळीवर घाईने कथा रचू नका. आधी ती नीट वाचा.