पोत्सुओलीचे तीन खांब : पुरावा वाचायचा कसा?



घराजवळ कुठे बांधकाम चालू असेल तर सिमेंटच्या गोणीवर काय छापलंय ते एकदा बघा. बऱ्याचदा 'पीपीसी' ही अक्षरं दिसतील. म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंट. यातलं 'पोझोलाना' हे नाव इटलीतल्या पोत्सुओली नावाच्या गावावरून आलंय. तिथली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की ते मिश्रण पाण्याखालीही घट्ट होतं, हे रोमन लोकांना दोन हजार वर्षांपूर्वी माहीत होतं. आपल्याकडे आज त्या राखेच्या जागी बहुतेक वेळा औष्णिक वीज केंद्रातली फ्लाय अ‍ॅश असते, पण नाव मात्र त्या गावाचंच राहिलंय.

माझं पीएचडीचं काम फ्लाय अ‍ॅश घातलेल्या काँक्रीटवर आहे. त्यामुळे 'पोझोलानिक' हा शब्द मी दिवसातून दहा वेळा लिहिते. तरी हे गाव नेमकं कुठे आहे हे तिसऱ्या वर्षापर्यंत मी कधी शोधलंही नव्हतं. गेल्या वर्षी एका कार्यशाळेसाठी नेपल्सला जायचा योग आला आणि एक दुपार मोकळी मिळाली. बरोबरचे सगळे पाँपेईला गेले. मी कुमाना नावाची लोकल पकडून उलट दिशेला, पश्चिमेला, पोत्सुओलीला गेले.

राख बघायला गेले होते. डोक्यात घेऊन आले ते तीन खांब. आजचा लेख त्या खांबांबद्दल आहे, कारण संशोधनात पुरावा वाचायचा कसा हे मला कुठल्याही रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासापेक्षा त्यांनी जास्त शिकवलं.

आधी नावाची गोष्ट

पोत्सुओली म्हणजे मासेमारीच्या होड्या, बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटी आणि अरुंद गल्ल्या असलेलं बंदर. सोफिया लोरेन याच गावात वाढली. बंदरापासून चार पावलांवर रस्त्याच्या पातळीखाली एक मोठा चौक दिसतो. कठड्यावरून खाली वाकून बघायचं. मधोमध गोल चौथरा आणि एका बाजूला संगमरवराचे तीन उंच खांब, प्रत्येकी सुमारे साडेबारा मीटरचे.

१७५० मध्ये नेपल्सच्या राजाच्या, म्हणजे चार्ल्स बूर्बोंच्या हुकमाने इथे खोदकाम झालं. त्यात सेरापिस या इजिप्शियन देवाची मूर्ती मिळाली. झालं, जागेचं नाव पडलं 'सेरापिसचं मंदिर'. प्राचीन काळी अलेक्झांड्रियाहून धान्याची जहाजं याच बंदरात लागत, तेव्हा इजिप्तचा देव इथे असण्यात नवल नव्हतं. पण ते मंदिर नव्हतंच. कडेने छोट्या खोल्या, मध्ये चौक, गोल चौथरा ही सगळी रचना रोमन मंडईची होती. हे अभ्यासकांनी पक्कं म्हणायला विसावं शतक उजाडलं. म्हणजे दीडशे वर्षं मोठमोठ्या विद्वानांनी एका भाजी-मासळी बाजाराला मंदिर म्हणून त्यावर पेपर लिहिले!

गंमत अशी की त्यातले काही पेपर तरीही बरोबर ठरले. कसे ते पुढे बघू.

खांबांवरची भोकं

हे खांब नीट बघितले तर पायथ्यापासून साधारण साडेतीन मीटरपर्यंत दगड गुळगुळीत आहे. त्याच्यावर जवळजवळ पावणेतीन मीटरचा पट्टा असा आहे की कुणी गिरमिटाने भोकं पाडावीत. त्याच्या वर पुन्हा दगड बराचसा शाबूत.

ही भोकं लिथोफागा जातीच्या शिंपल्यांनी पाडलेली आहेत. हा जीव चुनखडीचा किंवा संगमरवराचा दगड आम्लासारख्या स्रावाने विरघळवत आत शिरतो आणि तिथेच राहतो. तो समुद्रात राहतो, गोड्या पाण्यात नाही. आणि त्याची वाढ फार हळू होते, म्हणजे एवढी खोल भोकं पडायला खांब वर्षानुवर्षं समुद्राच्या पाण्यात उभे असले पाहिजेत. खालचा भाग गुळगुळीत का? कारण तो तेव्हा गाळात आणि राखेत गाडलेला होता. शिंपल्यांना तिथे पोहोचताच आलं नाही.

आता प्रश्न असा. रोमन लोकांनी इमारत बांधली ती कोरड्या जमिनीवर. १७५० मध्ये खोदली तीही जमिनीतून. मग मधल्या काळात हे खांब सहा मीटर पाण्यात गेले कधी, आणि परत वर आले कसे? तेही आडवे न होता?

गटेचं उत्तर : युक्तिवाद चांगला, निष्कर्ष चुकीचा

जर्मन कवी गटे १७८७ मध्ये इथे आला होता. नंतर, १८२३ मध्ये, त्याने यावर लेख छापला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : समुद्र इथे सहा-सात मीटर चढला असता तर तो सगळ्या भूमध्य किनाऱ्यावर चढायला हवा होता, कारण पाणी आपली पातळी सगळीकडे सारखी ठेवतं. तसं झाल्याचं कुठे दिसत नाही. म्हणजे समुद्र चढलेला नाही. मग काय झालं असेल? राखेने चौक अर्धा बुजला, मध्ये खाऱ्या पाण्याचं तळं साचलं आणि त्या तळ्यात शिंपले वाढले.

पहिला अर्धा भाग पुन्हा वाचा. तो अगदी बरोबर आहे. समुद्र खरंच चढला नव्हता. पण एक शक्यता खोडली म्हणजे आपली शक्यता सिद्ध झाली, असं होत नाही. तिसरीही एक शक्यता शिल्लक होती : समुद्र जागेवर आणि जमीनच खाली-वर.

आपण लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हीच चूक किती वेळा करतो! 'अमक्याच्या मॉडेलने हा निकाल समजावता येत नाही, म्हणून आमचं मॉडेल बरोबर.' मधल्या 'म्हणून'ला काही आधार नसतो.

चौकाच्या बाहेर बघणारे

चार्ल्स लायल १८२८ मध्ये इथे आला. त्याने खांब तर बघितलेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो चौकाच्या बाहेर पडला. गावाजवळच्या किनाऱ्यालगत समुद्रपातळीपेक्षा वर असलेली सपाट जमीन होती आणि तिच्या थरांत समुद्री शिंपले होते. चौकातल्या तळ्याने खांबांवरची भोकं कदाचित समजावता येतील, पण किनाऱ्यावरचे हे थर कसे समजावणार? सगळा किनाराच हलला, हे एकच उत्तर दोन्ही गोष्टींना लागू पडत होतं. १८३० मध्ये 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी'चा पहिला खंड आला, तेव्हा सुरुवातीच्या चित्रासाठी लायलने निवडले हेच तीन खांब. 'बीगल' जहाजावर तरुण डार्विन जे पुस्तक बरोबर घेऊन गेला, ते हेच.

त्याच वर्षी इथे आलेला दुसरा पाहुणा म्हणजे चार्ल्स बॅबेज. हो, संगणकाचा पूर्वज मानलं जाणारं यंत्र आखणारा तोच. त्याने भिंतींवर साचलेल्या क्षारांच्या थरांचा क्रम लावला आणि खालचे खडक तापले की प्रसरण पावतात, निवले की आकसतात, त्यामुळे जमीन खाली-वर होते, असं मांडलं. हा निबंध १८३४ मध्ये वाचला गेला आणि पूर्ण छापून आला १८४७ मध्ये. तुमचा पेपर सहा महिने अडकला असेल तर बॅबेजची तेरा वर्षं आठवा.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो अँटोनियो निकोलिनी. हा नेपल्सचा वास्तुविशारद. १८०७ मध्ये तो इथे चित्रं काढायला यायचा, तेव्हा जोराचा दक्षिण वारा सुटल्याशिवाय फरशीवर पाणी येत नसे. सोळा वर्षांनी परत आला तर भरतीला रोज फरशी पाण्याखाली! बाकीचे विद्वान शेकडो वर्षांपूर्वी काय झालं असेल यावर वाद घालत होते. निकोलिनीने पाण्याची उंची मोजायला सुरुवात केली आणि ती बरीच वर्षं चालू ठेवली. जमीन त्या क्षणीही खचत होती, हे त्याच्या आकड्यांनी दाखवलं.

एक सरकारी कागद

इतिहासाचे विद्यार्थी वाचत असतील तर हे खास तुमच्यासाठी. भूगर्भशास्त्रातला एक महत्त्वाचा पुरावा दगडात नाही, दप्तरात सापडला. १५०३ मध्ये स्पेनच्या फर्डिनांड आणि इसाबेला यांनी समुद्र मागे हटल्यामुळे उघडी पडलेली जमीन पोत्सुओलीच्या नगरसंस्थेला देऊन टाकली. १५११ मध्ये असाच आणखी एक दस्त झाला. लिहिणाऱ्या कारकुनाच्या डोक्यात भूगर्भशास्त्र नव्हतं, जमिनीची मालकी कुणाची एवढाच प्रश्न होता. म्हणूनच तो पुरावा जास्त भरवशाचा वाटतो.

जमीन वर येत होती हे या कागदांवरून कळतं. आणि २९ सप्टेंबर १५३८ रोजी गावाच्या पश्चिमेला जमीन फाटली. आठवड्याभरात १३० मीटरच्या आसपास उंचीचा नवा डोंगर उभा राहिला आणि त्रिपेर्गोले नावाचं गाव त्याखाली गेलं. त्या डोंगराचं नावच 'मोंते नुओव्हो', म्हणजे नवा डोंगर. पोत्सुओली ज्या जमिनीवर वसलंय ती एका प्रचंड ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखाची आहे. त्या भागाला काम्पी फ्लेग्रेई म्हणतात. तिथल्या जमिनीच्या या संथ हालचालीला 'ब्रॅडिसिझम' असा शब्द आहे.

तीच भोकं, पुन्हा

लायलच्या चित्रात साधारण एकदा खाली, एकदा वर असा प्रवास होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या भागातल्या शिंपल्यांचं रेडिओकार्बन पद्धतीने वय काढलं गेलं. उत्तर आलं की जमीन एकदा नाही, तीनदा एवढी खोल गेली होती : पाचव्या शतकात, मध्ययुगाच्या सुरुवातीला आणि १५३८ च्या उद्रेकाच्या आधी. यातल्या पहिल्या दोन वेळा ती वर आली ती कुठलाही उद्रेक न होता.

जमीन वर येते म्हणजे उद्रेक होणारच, असं नाही. हे वाक्य कागदावर साधं वाटतं. पोत्सुओलीत त्याचा अर्थ वेगळा आहे.

१९७० मध्ये जमीन पुन्हा उचलली जाऊ लागली. समोर नोंदलेलं उदाहरण एकच होतं, १५३८ चं. २ मार्च १९७० रोजी समुद्रात शिरलेल्या टेकडीवरचा जुना मोहल्ला, रिओने तेर्रा, सैन्य आणून रिकामा केला गेला. सुमारे तीन हजार माणसं, बहुतेक गरीब, घरं सोडून गेली. उद्रेक झाला नाही. पण बहुतेकजण परत कधीच तिथे राहायला आले नाहीत. १९८२ ते १९८४ मध्ये जमीन जवळजवळ १.८ मीटर वर आली, भूकंपांनी घरांना तडे गेले आणि सुमारे चाळीस हजार लोकांना हलवावं लागलं. त्यांच्यासाठी मोंतेरुशेल्लो नावाची नवी वसाहत बांधली. तेव्हाही उद्रेक झाला नाही.

आणि २००५ पासून जमीन परत वर येतेय. आतापर्यंत सव्वा मीटरहून जास्त. मे २०२४ मध्ये ४.४ क्षमतेचा भूकंप झाला आणि पुन्हा अनेक कुटुंबं घराबाहेर पडली. याच्या मुळाशी मॅग्मा किती आणि तापलेलं पाणी व वायू किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

मी गेले तेव्हा खांबांखालची फरशी कोरडी होती, निकोलिनीच्या काळात जिथे रोज पाणी चढायचं ती. बंदरात जुना धक्का पाण्यापासून इतका उंच राहिलाय की होड्यांसाठी खालच्या पातळीवर नवी सोय करावी लागलीय. तिथे जाळं आवरणाऱ्या एका आजोबांना मी मोडक्या इटालियनमध्ये विचारलं, भीती नाही वाटत? त्यांनी तळहात हळूहळू वर नेला, मग हळूहळू खाली आणला आणि परत जाळ्याकडे वळले.

माझ्या वहीतला बदल

परतल्यावर मी जुनी लॅबची वही काढली. एप्रिलमधल्या तीन क्यूबची २८ दिवसांची ताकद अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आली होती. त्यांच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'मोजणीत चूक'. मोजणीत चूक आहे हे मी तपासलं होतं का? नाही. मी फक्त नाव दिलं होतं. जसं मंडईला मंदिर.

क्युरिंग टाकीचं तापमान मी तेव्हा रोज लिहीत नव्हते. मग मुद्दाम तोच प्रयोग दोन तापमानांना परत केला. गरम पाण्यातल्या क्यूबची ताकद पुन्हा जास्त आली. उष्णतेने फ्लाय अ‍ॅश आणि चुन्याची क्रिया लवकर होते, हे पुस्तकात मी स्वतः अधोरेखित केलेलं होतं! आता माझ्या प्रबंधात तापमानावर एक वेगळं प्रकरण आहे आणि सिनॉप्सिस दोन महिने पुढे गेलाय. गाईड सर चिडले नाहीत, पण 'आधी का नाही बघितलंस?' एवढं विचारलंच.

तेव्हापासून वहीच्या पानावर मी मधोमध रेघ मारते. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे जे मला वाटलं ते. 'साडेतीन मीटरच्या वर भोकं आहेत' हे डावीकडे. 'हे मंदिर आहे' हे उजवीकडे. लायल आणि बॅबेजचं उजवीकडचं बरंचसं खोडलं गेलं, डावीकडचं अजून वापरात आहे. तुम्ही पीएचडीला प्रवेश घेणार असाल तर पहिल्या दिवसापासून ही रेघ मारा. आणि तुमच्या वहीत कुणापुढे 'मोजणीत चूक' असं लिहिलेलं असेल, तर या आठवड्यात ते पान एकदा उघडा. काय सापडलं ते मला नक्की कळवा.