संगणकाच्या झोपेची गोष्ट

"कॉम्प्युटर बंद पडला वाटतं!" हे वाक्य आपल्या घरांतून अधूनमधून ऐकू येतंच. दुपारी जेवायला उठावं, भांडी आवरून परत यावं, तर पडदा काळाठिक्कर. दोन-चार बटणं दाबून पाहिली जातात, मुलाला फोन लागतो, तो मीटिंगमध्ये असतो. मग कुणीतरी पॉवरचं बटण जोरात दाबून धरतं. दिवा विझतो, यंत्र पुन्हा सुरू होतं आणि सकाळपासून भरलेल्या दुकानाच्या नोंदी, मंडळाच्या सहलीची अर्धी झालेली यादी, नातवाचा अर्ज, सगळं गेलेलं असतं.

मैत्रिणींनो, बहुतेक वेळा ते यंत्र बंद पडलेलं नसतंच. ते झोपलेलं असतं. झोपलेल्याला मेलेला समजून आपण त्याच्यावर पाणी ओततो, एवढाच काय तो प्रकार. यंत्राला ही झोप कुणी शिकवली आणि कशासाठी, हे एकदा समजलं की त्याला उठवायचं कसं हेही आपोआप समजतं. म्हणून ही गोष्ट जरा मागून सांगते.

आपण सुरतच्या बायका, तेव्हा सुरुवात मागापासूनच करू. फ्रान्समधल्या लिओं शहरात 1804 साली जोसेफ मारी जाकार याने एक माग तयार केला. त्याचंच नाव आपल्या बाजारात 'जेकार्ड' होऊन बसलंय. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ त्या मागावर फिरायची. जिथे भोक, तिथे उभा धागा उचलला जाई. जिथे भोक नाही, तिथे तो खालीच राही. साडीची सगळी नक्षी त्या पुठ्ठ्यांत साठवलेली. आता गंमत बघा. कारागीर जेवायला गेला, रात्र झाली, धागा तुटला, काहीही होऊ दे, माग जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू व्हायचा. पुठ्ठ्याला काही विसरायला होत नाही. त्याची आठवण भोकांत असते आणि भोकांना वीज लागत नाही.

संगणकाच्या झोपेचा सगळा इतिहास या एकाच प्रश्नाभोवती फिरतो. यंत्र थांबलं की त्याची आठवण कुठे ठेवायची?

सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकांना तर झोपायची मुभाच नव्हती. अमेरिकेतला एनिॲक 1946 मध्ये लोकांसमोर आला. त्यात सुमारे 18,000 काचेच्या व्हॅक्यूम नळ्या होत्या आणि तो 150 किलोवॅट वीज खायचा. त्याच्यावर गणितं चढवण्याचं काम प्रथम ज्यांनी केलं त्या सहा बायका होत्या, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या नळ्यांचा स्वभाव विचित्र होता. चालू असताना त्या बऱ्या टिकत, पण बंद करून थंड झाल्या की पुन्हा तापताना फटाफट जात. म्हणून ठरलं की यंत्र बंद करायचंच नाही. ॲबर्डीनला हलवल्यावर 29 जुलै 1947 ला एनिॲक सुरू केला, तो 2 ऑक्टोबर 1955 पर्यंत जवळजवळ अखंड चालू राहिला. जुन्या घरात चुलीतला विस्तव राखेखाली जपून ठेवत, तसाच हा प्रकार. विझला तर पुन्हा पेटवणं फार महाग.

आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी स्वतःच्या हातांनी संगणक बांधला. लहान नमुना 1956 मध्ये चालला, पूर्ण यंत्र 1960 मध्ये सुरू झालं आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं. त्यातही सुमारे 2,700 नळ्या होत्या. पण त्याची स्मृती मात्र नव्या पद्धतीची होती. मोहरीच्या दाण्यासारख्या बारीक लोहचुंबकी कड्या तारांमध्ये ओवून तिची जाळी केलेली असे. प्रत्येक कडी एका नाहीतर दुसऱ्या बाजूने चुंबकित व्हायची आणि वीज गेली तरी तशीच राहायची. म्हणजे पुन्हा जेकार्डचाच गुण!

या कड्या ओवायचं काम जगभर बहुतेक ठिकाणी बायकांच्या हातांनी झालं. सुई-दोऱ्याची सवय असलेले हात लागत. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांच्या संगणकात तर आज्ञाच तारांनी विणलेल्या होत्या. कडीच्या आतून तार गेली तर एक अर्थ, बाहेरून गेली तर दुसरा. तेही विणकाम अमेरिकेतल्या कारखान्यात बायकांनी केलं. 'तुम्हा बायकांना यंत्रातलं काय कळतं' असं कुणी म्हणालं, तर एवढं एक उदाहरण पुरे आहे.

मग ही न विसरणारी स्मृती गेली कुठे? ती महाग होती आणि जागा खायची. आय.बी.एम. कंपनीत रॉबर्ट डेनार्ड यांनी 1966 मध्ये एक फार स्वस्त युक्ती शोधली. एका बारीकशा ट्रान्झिस्टरशेजारी विजेचा थेंबभर साठा ठेवायचा. साठा आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. 1970 मध्ये इंटेलने अशी चिप बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत कड्यांची जाळी मोडीत गेली. आजही आपल्या लॅपटॉपमधली 'रॅम' याच जातीची आहे. पण या थेंबाला गळती आहे. भोक पडलेल्या घागरीत सतत पाणी ओतत राहावं, तसं त्यात सेकंदाला कित्येक वेळा पुन्हा पुन्हा वीज भरावी लागते. वीज गेली की थोड्याच वेळात स्मृती कोरी. स्वस्ताईसाठी आपण विसराळू स्मृती घेतली आणि तिथून झोपेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

हा प्रश्न ऐरणीवर आणला तो लॅपटॉपने. बॅटरी दोन-तीन तासांची, आणि मधे बंद केला तर सगळं काम पहिल्यापासून. त्यावर दोन उपाय निघाले. पहिला म्हणजे साधी झोप, 'स्लीप'. पडदा, डिस्क, पंखा सगळं बंद. फक्त रॅमला थेंब थेंब वीज चालू. उठायला दोन-तीन सेकंद पुरतात, पण तेवढी वीजही तुटली की आठवण गेली. दुसरा उपाय 'हायबरनेट', म्हणजे शीतनिद्रा. बेडूक किंवा अस्वल थंडीत पडून राहतं तशी. यात रॅममधलं सगळं जसंच्या तसं डिस्कवर उतरवून ठेवायचं आणि मग यंत्र पूर्ण बंद. वीज महिनाभर नसली तरी चालतं. उठायला मात्र वेळ लागतो, कारण उतरवलेलं परत चढवायचं असतं. कॉम्पॅक कंपनीने 1992 च्या सुमारास आपल्या लॅपटॉपमध्ये ही सोय दिली.

त्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या पर्यावरण खात्याने 'एनर्जी स्टार' ही खूण सुरू केली आणि पहिला नंबर लावला तो संगणक आणि पडद्यांचा. कचेऱ्यांमध्ये रात्रभर हजारो यंत्रं कुणी बघत नसताना जळत असत. रिकामं यंत्र आपण होऊन झोपलं पाहिजे आणि झोपेत 30 वॅटपेक्षा जास्त वीज खाता कामा नये, अशी अट आली. सुरुवातीला प्रत्येक कंपनीची झोप निराळी, त्यामुळे कुणाचं यंत्र झोपायचं ते उठायचंच नाही! शेवटी डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून झोपेचे एकसारखे नियम ठरवले. त्यात पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे जागं, तिसरी पायरी साधी झोप, चौथी शीतनिद्रा, पाचवी म्हणजे बंद. आजचे संगणक अजून त्याच नियमांवर चालतात.

आपल्याकडे झोपेचा अर्थ विजेशी बांधलेला होता. माझं माहेर खानदेशातलं. तिकडे भारनियमनाच्या वर्षांत वीज तास न् तास नसायची. संगणकाखाली यू.पी.एस.चा डबा, लाइट गेली की तो बीप-बीप ओरडायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत दम टाकायचा. त्या दहा मिनिटांत यंत्र नुसतं झोपवलं तर डबा संपताच आठवण गेली. शीतनिद्रेत पाठवलं तर सगळं शाबूत. एवढा एकच फरक, पण तो माहीत असणाऱ्याचं काम वाचायचं.

सुरतला विजेची तशी ओढाताण नव्हती. पण ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीच्या काठावरून शहरात शिरलं आणि बहुतेक सुरत पाण्याखाली गेली. खालच्या मजल्यावरची यंत्रं तर गेलीच. वरच्या मजल्यांवर मात्र ज्याची आठवण डिस्कवर उतरलेली, त्याला धोका नव्हता; जो नुसता झोपलेला, त्याने वीज तुटताच सगळं विसरून टाकलं असणार. कागदाच्या वहीत लिहिलेलं आणि तोंडपाठ ठेवलेलं, यांत जो फरक, तोच इथे.

नावंही बदलत गेली, त्यानेच गोंधळ वाढला. विंडोज एक्सपीमध्ये (2001) 'स्टँड बाय' लिहिलेलं असे आणि शिफ्टचं बटण दाबलं की तिथेच 'हायबरनेट' उमटे. हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? 2007 मध्ये व्हिस्टा आलं, तेव्हा दोन्हींची सांगड घातली गेली. 2012 च्या विंडोज आठपासून तर 'शट डाउन' केलं तरी यंत्राचा आतला गाभा शीतनिद्रेतच जाऊ लागला, म्हणजे सकाळी लवकर सुरू व्हावं. म्हणूनच कधी यंत्र अडखळत असेल तर 'शट डाउन'पेक्षा 'रिस्टार्ट' उपयोगी पडतं. रिस्टार्टमध्ये सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

आता उठवायचं कसं, ते क्रमाने.

पहिल्यांदा बघायचं ते दिव्याकडे. यंत्राचा बारीक दिवा हळूहळू लुकलुकत असेल तर बहुधा साधी झोप. अशा वेळी कीबोर्डवरचं कुठलंही बटण दाबा, माऊस हलवा, लॅपटॉपचं झाकण मिटून पुन्हा उघडा.

त्याने जाग आली नाही तर पॉवरचं बटण एकदाच, हलकेच दाबा आणि हात काढा. दाराची घंटी वाजवतो तसं. शीतनिद्रेतल्या यंत्राला बहुधा हाच एक मार्ग असतो, कारण कीबोर्डपर्यंत वीजच पोचत नसते. दाबल्यावर मिनिटभर धीर धरा. तोच बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की नियमाप्रमाणे वीज तोडली जाते. तो शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

यंत्राचा पंखा ऐकू येतोय पण पडदा काळाच आहे, असं असेल तर वेगळ्या पडद्याचं बटण आणि वायर तपासा. विंडोजची खूण असलेलं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार एकदम दाबली की चित्र दाखवणारा भाग नव्याने सुरू होतो. काम जात नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून पाच-दहा मिनिटं थांबा. पुष्कळदा बिचाऱ्याची बॅटरीच संपलेली असते.

दूरवरून उठवायचीही एक रीत आहे. मोठ्या कचेऱ्यांत वायरमधून झोपलेल्या यंत्राला त्याच्याच नावाचा संदेश पाठवतात, आणि त्यात ते नाव ओळीने सोळा वेळा असतं. त्याखेरीज ते उठत नाही. आपल्या घरात परीक्षेच्या दिवसांत मुलांना किती हाका लागतात, ते आठवून हसू आलं की नाही?

एवढं सांगितलं ते एका गोष्टीसाठी. पेढीवरचे चोपडे गेले, हिशेब यंत्रात आले, आणि त्या नोंदी घरी बसून आपल्यातल्या कितीतरी जणी करतात. पण पडदा काळा झाला की आपण खुर्चीवरून उठतो आणि दुसऱ्याची वाट बघत बसतो. वाट बघायचं कारण नाही. दिवा बघा, बटण हलकेच दाबा, मिनिटभर थांबा. आणि जेवायला उठण्याआधी कंट्रोल आणि एस ही दोन बटणं एकत्र दाबून काम साठवायची सवय लावा. मग यंत्र झोपो, लाइट जावो, तुमच्या कष्टाला धक्का लागणार नाही.