जुन्या बागट्रॅक्टरची जन्मपत्रिका

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात लहान गावांच्या कडेला जी घरे आहेत, त्यांच्या परसातील छपरांत पुष्कळदा एक छोटेखानी यंत्र धूळ खात पडलेले आढळते. चार चाके, एक बैठक, पुढे एका सिलिंडरचे इंजिन आणि पोटाखाली गवत कापण्याची पाती. उंची जेमतेम माणसाच्या कमरेइतकी. याला तिकडे बागट्रॅक्टर म्हणतात. आजोबांनी विकत घेतलेला, वडिलांनी वापरलेला आणि आता नातवाच्या वाट्याला आलेला असा हा वारसा असतो. नातवाला ते यंत्र पुन्हा चालू करावयाचे असते. आणि त्यापूर्वी त्याला एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: हे यंत्र कोणत्या कारखान्याचे, कोणत्या नमुन्याचे आणि कोणत्या वर्षाचे?

प्रश्न वरवर किरकोळ भासतो. पण त्यावर बरेच काही अवलंबून असते. एकाच नावाच्या ट्रॅक्टरला एका वर्षी एक इंजिन आणि दुसऱ्या वर्षी दुसरे इंजिन बसविलेले असते. वर्ष चुकले की मागविलेला सुटा भाग चुकतो. जुन्याची हौस असणाऱ्यांच्या बाजारात पहिल्या वर्षीच्या यंत्राला जी किंमत येते ती पाचव्या वर्षीच्या यंत्राला येत नाही. त्यामुळे वय लपविण्याचा किंवा वाढविण्याचा मोहही तेथे असतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, राजेरजवाड्यांचे ताम्रपट आणि नाणी जपली जातात, परंतु सामान्य कुटुंबाने कोणत्या साधनाने आपली बाग राखली याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. ती नोंद त्या यंत्राच्या अंगावरच असते, आणि ती वाचता आली तरच टिकते.

या यंत्राचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत दोन चाकांची, मागून चालत हाकावयाची यंत्रे निघाली. मिनिअ‍ॅपोलिसचा बीमन हा त्यांतील एक. वेस्ट व्हर्जिनियातील डनबार या गावच्या बेंजामिन फ्रँकलिन ग्रेव्हली यांचा व्यवसाय छायाचित्रणाचा. पण बागकामाच्या कष्टांतून सुटका व्हावी म्हणून त्यांनी मोटर बसविलेले कोळपे बनविले आणि १९१६ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. खरा बहर मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर आला. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना घरासाठी सुलभ कर्जाची सोय झाली. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउनसारख्या वसाहती उभ्या राहू लागल्या. प्रत्येक घराभोवती जमिनीचा तुकडा आला आणि त्या तुकड्यावर हिरवळ आली. शेतीचा ट्रॅक्टर या कामाला फार मोठा आणि हाताने ढकलण्याचे यंत्र फार लहान. या दोहोंमधली जागा बागट्रॅक्टरने भरून काढली.

१९४६ मध्ये इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे सेसिल एल्वुड पाँड यांनी असाच एक कारखाना काढला. त्याच्या ट्रॅक्टरला पुढे ‘व्हील हॉर्स’ हे नाव मिळाले. अनेक घोड्यांच्या गाडीत चाकांच्या अगदी लगत जुंपलेला, सर्वांत जास्त भार ओढणारा घोडा असा त्या शब्दाचा अर्थ आहे. या कारखान्याच्या क्रमांकांची कथा नमुना आणि वर्ष ओळखू पाहणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्याजोगी आहे. त्याचा १९५७ चा ‘आरजे-३५’ हा नमुना घ्या. येथे ३५ म्हणजे साडेतीन अश्वशक्ती. लगेच पुढचा नमुना ‘आरजे-५८’. पहिल्याच्या न्यायाने याचे इंजिन पाच पूर्णांक आठ दशांश अश्वशक्तीचे असावयास हवे. पण येथे ५८ हा आकडा १९५८ या सालाचा आहे. त्यानंतरचा ‘आरजे-५९’ हाही सालावरूनच. मग १९६१ मध्ये ‘७०१’ आला. त्यातील ७ हा अश्वशक्तीचा आकडा आणि शेवटचा १ हा सालाचा. त्याच न्यायाने ७०२, ७०३ आणि ७०४ ही १९६२, १९६३ आणि १९६४ ची भावंडे. एकाच कारखान्याने सात-आठ वर्षांत आकड्यांची भाषा दोनदा बदलली.

आपल्याकडील शिलालेख वाचणाऱ्यांना ही अडचण नवी नाही. लेखात नुसता ‘संवत’ असा शब्द आणि पुढे एक आकडा असला, तर तो शकाचा की विक्रमाचा हे आधी ठरवावे लागते. तेथे चूक झाली तर १३५ वर्षांचे अंतर पडते. आकडा स्वतः खोटे बोलत नाही. तो कोणत्या गणनेतला आहे हे मात्र आपले आपण ठरवावयाचे असते.

अनुक्रमांकाचेही तसेच. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही शेतीयंत्रांची मोठी कंपनी. तिचा ‘कब कॅडेट’ हा पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा, कोलर कंपनीचे सात अश्वशक्तीचे इंजिन असलेला बागट्रॅक्टर १९६० च्या सुमारास केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील कारखान्यात तयार होऊ लागला. एखाद्याला ५१० क्रमांकाचा कब कॅडेट मिळाला, तर तो पाचशे दहावा असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो दहावा असतो, कारण या कंपनीने क्रमांकांचा आरंभ ५०१ पासून केला होता. म्हणून यंत्रावरचा क्रमांक कंपनीच्या वर्षवार यादीशी ताडून पाहिल्यावाचून त्याला पुरावा म्हणता येत नाही.

कित्येकदा नाव हाच पहिला अडथळा असतो. विस्कॉन्सिनमधील पोर्ट वॉशिंग्टन येथील सिंप्लिसिटी हा कारखाना आपल्या नावाने ट्रॅक्टर विकत असेच; शिवाय टपालाने माल पुरविणाऱ्या माँटगोमेरी वॉर्ड या पेढीसाठी तिच्या नावाने, आणि पुढे अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीसाठी तिच्याही नावाने तो यंत्रे तयार करी. अ‍ॅलिस-चाल्मर्सने १९६५ मध्ये हा कारखानाच विकत घेतला. सिअर्स ही पेढीही इतरांकडून माल करवून घेई. परंतु तिच्या नमुना क्रमांकातील पहिले तीन अंक मूळ उत्पादक कोण ते सांगतात. ९१७ हे अंक दिसले की डेव्हिड ब्रॅडली या सिअर्सच्या नाममुद्रेचे जुने ट्रॅक्टर जाणकाराच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. म्हणजे बॉनेटवर असते ते विकणाऱ्याचे नाव. घडविणाऱ्याचे नाव आकड्यांत दडलेले असते.

जेथे नाव अनेक वर्षे तेच राहते तेथे शरीराच्या खुणा कामी येतात. जॉन डिअर कंपनीचा ‘११०’ हा ट्रॅक्टर विस्कॉन्सिनमधील होरिकॉन येथे १९६३ पासून १९७४ पर्यंत याच नावाने निघत होता. नुसते ‘११०’ म्हणण्याने बारा वर्षांतील कोणतेही वर्ष संभवते. परंतु १९६७ पर्यंतच्या यंत्रांच्या मागच्या चाकांवरील मडगार्ड गोलाकार आहेत, तर १९६८ पासूनचे चौकोनी. पहिल्या वर्षी त्याला सात अश्वशक्तीचे इंजिन होते आणि १९६४ पासून आठ अश्वशक्तीचे आले. तेव्हा गोल मडगार्ड आणि आठ अश्वशक्ती एकत्र आढळली, तर तो ट्रॅक्टर १९६४ ते १९६७ या काळातील ठरावा. येथेही सावध राहिले पाहिजे. ही दोन्ही इंजिने बाहेरून जवळजवळ सारखी दिसतात, आणि १९६३ च्या यंत्रात पुढे कोणी आठ अश्वशक्तीचे इंजिन बसविले असण्याचा संभव राहतोच. शेवटचा निर्णय चेसिसवरील अनुक्रमांकाचा.

रंगावर तर फारसा विश्वास ठेवू नये. याच कंपनीने १९६९ ते १९७१ या काळात काही बागट्रॅक्टर पांढऱ्या अंगाचे काढले. त्यांचे बॉनेट आणि बैठक पिवळ्या, लाल, नारिंगी किंवा निळ्या रंगाची असे. अशा ट्रॅक्टरला पुढे कोणी कंपनीचा प्रसिद्ध हिरवा रंग दिला, तर वरून पाहणारा फसेल. पण बॅटरीखालचा पत्रा, बोल्टच्या डोक्यामागची जागा, पाटीच्या मागचा भाग, येथे पहिला रंग बहुधा शिल्लक राहतो.

इंजिनाची साक्ष मोलाची असते, पण मर्यादित. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या मिलवॉकीच्या कंपनीच्या १९६० नंतरच्या दशकातील इंजिनांवर जो संकेतांक ठोकलेला असतो, त्याचे पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे आणि त्यापुढचे दोन दिवसाचे असतात. ६८०४१२ असा आरंभ असेल, तर ते इंजिन १२ एप्रिल १९६८ चे. यावरून इतकेच सिद्ध होते की, हे इंजिन जर मूळचे असेल तर ट्रॅक्टर त्या दिवसापूर्वी तयार झालेला नाही. शिवाय हा अंक पंख्यावरच्या पत्र्याच्या आवरणावर ठोकलेला असतो, आणि ते आवरण चार बोल्ट काढून दुसऱ्या इंजिनावर चढविता येते. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ओतीव भागांवर महिना, दिवस आणि वर्षदर्शक अक्षर अशी खूण साच्यातूनच उमटलेली असते. ती काढून दुसरीकडे लावता येत नाही, म्हणून तिचे वजन अधिक. तीन-चार ओतीव भागांवरच्या तारखा एकमेकींच्या जवळ आल्या, तर यंत्र एकसंध आहे असे समजावे. एकच तारीख दोन वर्षांनी पुढची निघाली, तर तो भाग मागाहून बसविलेला आहे.

आता मूळ प्रश्नातील ‘वर्ष’ हा शब्दच तपासून घेऊ. सरकारी कचेरीत काम करणाऱ्याला ठाऊक असते की, एकाच पत्राला अनेक तारखा असतात. मसुदा एका दिवशी होतो, सही दुसऱ्या दिवशी, जावक क्रमांक तिसऱ्या दिवशी पडतो आणि ज्याला पत्र लिहिले त्याच्या आवक नोंदवहीत चौथीच तारीख चढते. यंत्राचे असेच असते. लोखंड ओतले ती एक तारीख. जोडणी पुरी झाली ती दुसरी. अमेरिकन उद्योगांत पुढल्या सालाचा नमुना आदल्या वर्षाच्या शरद ऋतूतच बाजारात आणण्याची रीत असल्याने नमुन्याचे वर्ष तिसरे. आणि दुकानात पडून राहिलेला ट्रॅक्टर गिऱ्हाइकाने नेला ते वर्ष चौथे. ‘आमचा ट्रॅक्टर १९६५ चा, आजोबांनी पावती जपली आहे’ असे कुटुंबीय सांगतात, तेव्हा ते खरेच सांगतात. पण ते विक्रीचे वर्ष असते. सुट्या भागांच्या पुस्तकाला त्याचा उपयोग नसतो. ते पुस्तक अमुक अनुक्रमांकापर्यंत हा भाग आणि त्यापुढे तो, अशा शब्दांत बोलते.

हा विषय सर्वस्वी परदेशचा आहे असेही नाही. ज्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट आपण पाहिला, तिच्याच सहभागाने १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईच्या कांदिवली भागातील कारखान्यातून ‘बी-२७५’ हे शेतीचे ट्रॅक्टर बाहेर पडले, आणि १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन झाली. त्या पिढीतील एखाद्या ट्रॅक्टरचे वय सांगताना आपल्याकडे नोंदणीच्या पुस्तकाचा आधार घेतला जातो. नोंदणीची तारीख म्हणजे घडणीची तारीख नव्हे, आणि बदललेले इंजिन व नवा रंग यांचा प्रश्न देशी यंत्रांनाही तितकाच लागू आहे.

कारखान्यांचे दप्तर कायम राहत नाही, म्हणून या तपासाला निकड आहे. कब कॅडेटचा धंदा १९८१ मध्ये एमटीडी कंपनीकडे गेला. व्हील हॉर्स १९८६ मध्ये टोरो कंपनीने घेतली. सिंप्लिसिटी २००४ मध्ये ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या हाती आली. मालकी अशी हातोहात जात असता यंत्र हेच आपले शेवटचे दप्तर उरते. दुर्दैव असे की, ते दप्तर बहुधा प्रेमानेच नष्ट होते. यंत्र नव्यासारखे दिसावे या हौसेने मालक वाळूच्या माऱ्याने गंज काढतो, पाटी घासतो, ठोकलेले अंक रंगाच्या थराखाली बुजवितो. शिलालेखाचा अभ्यासक दगडाला हात लावण्यापूर्वी ठसा घेतो. तोच नियम येथे पाळावा. बाजूने तिरपा प्रकाश टाकून अंक वाचावेत, खडू चोळून कागदावर ठसा घ्यावा, प्रत्येक भागाचे छायाचित्र ठेवावे, आणि मगच पाना हाती धरावा.

शेवटी जो निष्कर्ष लिहावयाचा तो टिपणीसारखा स्वच्छ असावा. चेसिसच्या क्रमांकावरून नमुना अमुक; जोडणी अमुक ते अमुक वर्षांच्या दरम्यान; इंजिन त्यानंतरचे; रंग अलीकडचा; विक्रीचे वर्ष पावतीवरून. पुरावा चार वर्षांचा पट्टा दाखवीत असेल तर चार वर्षेच लिहावीत. एकच साल लिहिण्याच्या मोहात पडू नये. अशा टिपणीचा एक कागद यंत्राच्या बैठकीखाली ठेवला, तर ज्याच्या हाती ते पुढे जाईल त्याला हा सारा खटाटोप पहिल्यापासून करावा लागणार नाही.