वीरगळ

‘वीरगळ’ ऐकताना गळून पडलेला वीर डोळ्यांपुढे येतो. पण लढाईत पडलेल्या वीराच्या स्मृतिशिळेच्या या नावाचे ‘गळणे’ या क्रियापदाशी नाते नाही. मूळ कन्नड ‘वीरगल्लु’. ‘कल्लु’ म्हणजे दगड, समासात ‘क’चा ‘ग’ झालेला. नाव मरणाचे नाही, दगडाचे आहे, आणि शिल्पही मरणापाशी थांबत नाही. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला, कधी ज्यांच्यासाठी लढला त्या गाई शेजारी; वर अप्सरा त्याला नेताहेत; त्याहून वर तो शिवलिंगापुढे हात जोडून; माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर जहाजांची झुंज कोरलेली आहे.

वीरगळ हा शोकाचा दगड म्हणावा, तर रडणारे माणूस यात दिसत नाही, मग हा शोक कसला, हा तर गौरव, असा आक्षेप कोणी घेईल. पण हा दगड घरात नसतो. तो देवळाच्या आवारात किंवा वेशीपाशी उभा असतो. एका घराचे दुःख गावाने आपल्या जागेत घेतल्याची ती खूण आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही, त्यामुळे नाव पुसले गेले. चंद्रसूर्य असेपर्यंत टिकायची होती ती स्मृती निनावी उरली. माझी तक्रार मात्र वेगळी आहे. या शिल्पभाषेत बाई ठळकपणे येते ती सतीशिळेवर, बांगड्या भरलेल्या, कोपरात वाकलेल्या हाताच्या रूपात, म्हणजे मागे न राहिलेली. जिने नंतर पोरे वाढवली, तिच्या दुःखासाठी दगड उभारण्याचा प्रघातच नव्हता, आणि ही या भाषेची मोठी उणीव आहे.