मूत्रपिंडाचा मुडदूस

मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारी चाळणी, असे आपण वर्गात शिकवतो. हाडांच्या विकारांचा इतिहास पाहिला, तर ही ओळख अपुरी ठरते.

१८८३ साली लंडनचे शल्यचिकित्सक क्लेमेंट ल्यूकस यांनी वयात येणाऱ्या मुलांमधील मुडदुसाचे वर्णन केले. या मुलांच्या लघवीतून प्रथिने जात होती. संबंध दिसला, कारण कळेना. पुढे ड जीवनसत्त्व सापडले. साधा मुडदूस त्याने बरा होई. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांची हाडे मात्र नेहमीच्या मात्रेला दाद देत नसत.

१९७० मध्ये केंब्रिजच्या फ्रेझर व कोडिसेक यांना उलगडा झाला. मूत्रपिंडे काढलेल्या उंदरांत ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप तयारच होईना. हे रूप म्हणजे चक्क एक संप्रेरक! ते कमी पडले की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. त्यात रक्तात फॉस्फेट साठते. मग गळ्यातील इवल्याशा परावटू ग्रंथी आपले संप्रेरक सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढले जाते. रक्तातील पातळी सावरते, ती हाडांच्या जिवावर.

हाडेही गप्प नसतात. २००० साली उजेडात आलेले एफजीएफ-२३ हे संप्रेरक त्यांच्याच पेशी बनवतात. जादा फॉस्फेट बाहेर टाक, असे ते मूत्रपिंडाला सांगते. पण त्याच वेळी क्रियाशील ड जीवनसत्त्वाच्या निर्मितीलाही लगाम घालते. म्हणून अशा रुग्णाला घरच्या घरी कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करणे धोक्याचे असते. जादा कॅल्शियम रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचू शकते.