जोडलेली जीप, घडवलेली जीप

मंडळी, गेल्या दोन महिन्यांतले माझे झाडून सगळे वीकांत एका जीपने खाल्ले. जीप तशी लहान आहे. साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास, तळहातावर मावणारी. बायकोच्या मते हा या वयात लागलेला खेळण्यांचा नाद आहे. मुलीच्या मते बाबा एकटेच खेळतात आणि तिला हात लावू देत नाहीत. दोघींनाही द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता थोडंसं सापडलंय, म्हणून हा लेख.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी येतात. त्या चौकटींना गाडीचे सुटे भाग लटकलेले असतात. चाकं, सीटा, स्टिअरिंग, इंजिनाचे दोन अर्धे. ते कटरने सोडवायचे, कडा पॉलिश पेपरने घासायच्या आणि चिकटवायचे. चिकटवायचा द्रव म्हणजे नेहमीचा गोंद नव्हे. तो प्लास्टिक किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात, वेल्डिंग केल्यासारखे. फट राहिली तर पुट्टी, मग प्रायमर, मग रंग. गॅरेजमधला डेंटर-पेंटर करतो तेच, फक्त पस्तीसपट लहान!

माझ्याकडे होती जपानच्या तामिया कंपनीची १/३५ मापाची विलीज जीप, दुसऱ्या महायुद्धातली. मी तिला लष्करी हिरवा रंग न देता काळी-पिवळी केली आणि दिवाळीत गावी घेऊन गेलो.

गाव म्हणजे कनेरगाव नाका, हिंगोली जिल्हा. हिंगोलीहून वाशिमला जाताना लागतं. जवळून पैनगंगा वाहते. पुढे गेलं की वाशिम जिल्हा, म्हणजे विदर्भ सुरू. नव्वदच्या दशकात माझे काका याच रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचे. सरकारी लिलावात निघालेली जुनी जीप त्यांनी घेतली होती. मागे समोरासमोर दोन बाकं, आत अकरा-बारा माणसं, शिवाय लटकलेली वेगळी. पेट्रोल परवडेना म्हणून पुढे त्यांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतलं. शेवटी ती भंगारात गेली. तिचा एकही फोटो घरात नाही. तेव्हा फोटो लग्नात काढायचे, जीपचा कोण काढणार?

काचबिंदूने काकांची नजर आता बरीच गेलीय. मी मॉडेल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोटं फिरवली, पुढे-मागे, दोनदा. मग म्हणाले, "काहून रे, हिचं तोंड असं चपटं काहून?"

"काका, जीपच आहे. अमेरिकन लष्कराची."

"मंग त्यायची असंल ती. आपली नाही."

सहा आठवड्यांची मेहनत एका वाक्यात निकालात! पण पुण्याला परत येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं की काका शंभर टक्के बरोबर होते. युद्धातल्या विलीजचं बोनट सखल असतं. युद्धानंतर विलीज कंपनीने नवं इंजिन आणलं. त्यात हवा आत घेणाऱ्या झडपा डोक्यावर गेल्या, इंजिन उंच झालं आणि जुन्या बोनटखाली मावेना. कंपनीने सरळ बोनटच उचललं. ही सीजे-३बी, १९५३ पासूनची. अमेरिकेत १९६८ साली ती बंद झाली, पण महिंद्रने मुंबईत तिच्याच जातीच्या जीपा पुढे कित्येक वर्षं बनवल्या. म्हणजे आपल्या पिढीने गावोगावी पाहिलेली जीप ती उंच बोनटाची. गंमत म्हणजे ज्या इंजिनासाठी बोनट उंच झालं, ते इंजिन काकांनी काढून टाकलेलं होतं. उंची तेवढी राहिली.

मग प्रश्न पडला की अमेरिकेतली जीप कनेरगावात "आपली" कधी आणि कशी झाली? हा प्रश्न मला पार आमच्या नाक्यापर्यंत घेऊन गेला.

१९४८ पर्यंत आमचा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पलीकडचं वऱ्हाड कागदावर निजामाचंच, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा आणि १९०२ मध्ये तर त्यांनी ते कायमच्या पट्ट्यानेच घेतलं. हैदराबादचा रुपया वेगळा (हाली शिक्का), टपाल वेगळं आणि जकातही वेगळी. जकातीला करोडगिरी म्हणत. सरहद्दीवर माल थांबायचा, मोजला जायचा, पैसे भरले की पुढे. लहानपणी "नाका" म्हणजे मला चहाची टपरी आणि जीपांची रांग एवढंच वाटायचं. पण नाका म्हणजे मुळात हा प्रश्न विचारायची जागा : काय आत येतंय आणि कशा रूपात येतंय?

मोटारींच्या बाबतीत हाच प्रश्न मुंबई बंदरात आला. अख्खी मोटार जहाजात ठेवली तर जहाज निम्मी हवाच वाहून नेतं. सुटी करून खोक्यांत भरली तर तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त गाड्या येतात. म्हणून जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला. परदेशातून खोकी यायची आणि शिवडीचे कामगार ती जोडायचे. मागोमाग फोर्डनेही भारतात हेच सुरू केलं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिल्या गाड्या निघाल्या, त्याही क्रायस्लरचे सुटे भाग जोडलेल्या. आणि माझगावात महिंद्र मंडळी जीप जोडू लागली. १९४५ साली ही कंपनी निघाली तेव्हा नाव होतं महिंद्र अँड मोहम्मद. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली.

थोडक्यात, आपल्या देशाचा मोटार उद्योग म्हणजे सुरुवातीला १/१ मापाचं किटच होतं. खोकं उघडा, सूचनापत्रक वाचा, जोडा, रंगवा!

पण १९५३ साली टॅरिफ कमिशनने या उद्योगाला एक अवघड प्रश्न विचारला. तुम्ही जोडताय की बनवताय? भाग इथे तयार करण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच राहावं, नुसतं जोडणाऱ्यांनी तीन वर्षांत गाशा गुंडाळावा, असं धोरण ठरलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेले. प्रीमियर आणि महिंद्र राहिले आणि एकेक भाग इथे करू लागले. कुर्ल्याची फियाट पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात थेट ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. नवी स्पर्धा नाही, त्यामुळे तीच ती मॉडेलं वर्षानुवर्षं, हा त्याचा तोटाही आपण भोगला. पण जीप "आपली" झाली ती या मार्गाने.

आता छंदाकडे वळू. तिकडचा इतिहास वाचताना मला तोच प्रश्न पुन्हा भेटला. ज्या जनरल मोटर्सचा कारखाना शिवडीत जोडणी करत होता, तीच कंपनी अमेरिकेत १९३० पासून १९६८ पर्यंत शाळकरी मुलांसाठी फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड नावाची स्पर्धा चालवत होती. सुरुवातीला मुलांनी नकाशावरून नेपोलियनच्या काळातल्या बग्गीची हुबेहूब प्रतिकृती करायची. पुढे मोटारीचं मॉडेल करायचं, पण आराखडाही स्वतःचाच. किट नाही. लाकडाचा ठोकळा आणि तुम्ही. यातली कित्येक मुलं मोठेपणी मोटारींची डिझायनर झाली. तिकडे घडवणारे आणि इकडे जोडणारे, एकाच कंपनीत, एकाच काळात!

प्लास्टिकची किटं आली ती युद्धानंतर. इंग्लंडच्या एअरफिक्सचं पहिलं मॉडेल १९४९ चं, आणि ते होतं फर्ग्युसन ट्रॅक्टरचं. ट्रॅक्टर कंपनीच्या विक्रेत्यांना वाटण्यासाठी केलेलं, नंतर सुट्या भागांचं किट म्हणून विकलं गेलं. फर्ग्युसन म्हणजे काय हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, मद्रासच्या टाफेचे मॅसी फर्ग्युसन आमच्या शिवारात कितीतरी आहेत. अमेरिकेत एएमटी कंपनी आधी मोटार विक्रेत्यांसाठी छोट्या प्रतिकृती करायची, १९५८ पासून तिने १/२५ मापाची किटं काढली. एका खोक्यात तीन पर्याय : कारखान्यातून निघालेली, हौसेने बदललेली किंवा शर्यतीची. आणि माझ्या जीपचं १/३५ माप? तामियाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मॉडेल केलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून आकार ठरला, नंतर मोजलं तर १/३५ भरलं. आज जगभरचे लोक तेच प्रमाण मानतात. (आमच्या हापिसातही बऱ्याच गोष्टी अशाच "प्रमाण" झाल्यात. असो.)

हे सगळं आपल्या लहानपणी आपल्यापर्यंत आलंच नाही. परकीय चलन वाचवायचं म्हणून चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक बंधनं होती. राहिलेल्या शेवटच्या ७१५ वस्तूंवरची बंधनं उठली एप्रिल २००१ मध्ये. शहरातल्या मुलांकडे निदान मेकॅनिक्सचा डबा असायचा. आमच्याकडे काय होतं?

आमच्याकडे ज्वारीचं धांडं होतं. त्याची साल सोलून काड्या करायच्या, आतल्या पांढऱ्या गराचे तुकडे पाडायचे आणि काड्या त्यात खोचायच्या. बैलगाडी तयार. ना गोंद, ना खिळा. जुन्या चपलेची चाकं कापून, तारेचा सांगाडा वाकवून मी काकांची जीपसुद्धा केली होती. तिचं बोनट उंच होतं, हे आता आठवतंय. कारण मी ती समोर बघून केली होती.

इथे मला माझं उत्तर मिळालं. आठ वर्षांचा असताना मी घडवत होतो. इंजिनियर झालो, पगार आला आणि जोडायला लागलो. हापिसातही तेच, दुसऱ्याने लिहिलेले तुकडे आणायचे आणि एकमेकांना जोडायचे. जोडण्यात कमीपणा काही नाही. कुर्ल्याचे आणि माझगावचे कामगार जोडता जोडताच शिकले. पण किटात तेवढंच असतं जेवढं दुसऱ्या कोणीतरी मोजून ठेवलंय. काकांची जीप कोणीच मोजलेली नव्हती.

मग कामाला लागलो. दोन्ही जीपांच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, म्हणजे १/३५ ला ५८ मिलिमीटर. सांगाडा तोच चालणार होता. वरचा भाग मात्र नवा. सीजे-३बीचे बाजूने काढलेले फोटो घेतले. जीपचं रिम १६ इंची, माझ्या मापात साडेअकरा मिलिमीटरच्या किंचित वर. तीच पट्टी धरून बोनटची उंची काढली. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटमधून कापून वाकवलं. पहिलं चिरलं. दुसरं तिरकं बसलं. तिसरं गोंद जास्त होऊन वितळलं. चौथं जमलं. पुढच्या जाळीला लष्करी जीपेच्या नऊ फटी होत्या, तिथे सात केल्या.

बाकीचं काकांना फोनवर विचारायचो. ताडपत्री बांधायच्या कड्या किती? एकदा तीन म्हणाले, एकदा चार. मडगार्ड फुटलं होतं तिथे पत्रा ठोकला होता, तो कुठे? डावीकडे. पुढच्या रविवारी, उजवीकडे. त्यांच्या आठवणीतली जीपही हळूहळू सुटी होत चाललीय हे मला त्या फोनांवर कळलं. मी डावीकडे पत्रा लावला आणि संक्रांतीला गेलो.

काकांनी बोटं फिरवली. बोनटवर थांबली. "हां," म्हणाले. मग मडगार्डवर आली. "पत्रा तर उजवीकडं व्हता."

मी काही बोलायच्या आत काकू आतून म्हणाल्या, "डावीकडंच व्हता. माझं लुगडं फाटलं व्हतं त्याला."

काका हसले. जीप आता त्यांच्या उशाशी, फळीवर आहे. कड्या मी चार ठेवल्यात. त्याबद्दल काकूंनाही नक्की आठवत नाही, आणि आता ते सांगणारं तिसरं कोणी नाही. तुमच्या घरात अशी एखादी वस्तू असेल, मोट, पिठाची गिरणी, बापाची लुना, तर फोटो काढा, पट्टी घेऊन मोजा आणि माणसं आहेत तोवर विचारून घ्या. किट तर कुणी काढणार नाही तिचं.

मुलगी सध्या बैलगाडी मागतेय. पुण्यात धांडं कुठे मिळतं ते बघतोय. भेटू पुढच्या वीकांताला.