गाडीचं माहेरपण

'रिकॉल' या शब्दाला मराठीत चपखल शब्द सापडत नाही. 'परत मागवणे' म्हटलं की वाटतं, कंपनी आता गाडी कायमची घेऊन जाणार. प्रत्यक्षात गाडी दोन-चार तास, फार तर एखाद-दोन दिवस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते, एखादा भाग बदलून घेते आणि परत येते. म्हणजे माहेरपणच की! फरक एवढाच, की इथे माहेरच्यांनी कबूल केलेलं असतं, की पाठवणी करताना आमच्याकडून काहीतरी राहून गेलं होतं.

मग ही कबुली ऐकल्यावर गिऱ्हाइकाने पुढे त्या कंपनीवर विश्वास ठेवायचा की नाही?

साधा हिशोब असा वाटतो, की जिची चूक ठरली तिच्यावरचा विश्वास उडेल आणि जी निर्दोष ठरली तिच्यावरचा टिकेल. मोटारींचा इतिहास मात्र हा हिशोब फारसा मानत नाही. अमेरिकेतल्या दोन गोष्टी सांगतो. दोन्हींत तक्रार एकच होती: 'गाडी आपोआप सुसाट सुटली.' शेवट मात्र अगदी उलटे झाले.

पहिली गोष्ट ऑडीची. आज जिची जुळणी आपल्या छत्रपती संभाजीनगरला होते, तीच ऑडी. १९८०च्या दशकात तिचं एक मॉडेल अमेरिकेत 'ऑडी ५०००' या नावाने विकलं जायचं. युरोपात हीच गाडी 'ऑडी १००' होती आणि १९८३ची 'कार ऑफ द इयर' ठरली होती. अमेरिकेतही जम बसत होता. १९८५ साली ऑडीच्या ७४ हजारांहून जास्त गाड्या तिथे खपल्या.

पण तक्रारी येऊ लागल्या होत्या. उभी गाडी, ऑटोमॅटिक गिअर 'पार्क'मधून 'ड्राइव्ह' किंवा 'रिव्हर्स'मध्ये टाकला, की गाडी उसळून सुटते. चालवणारे शपथेवर सांगत होते, 'आमचा पाय ब्रेकवर होता, दाबून धरला होता.' कंपनीने आधी पायाखालच्या मॅटबद्दल, मग पेडलबद्दल अशा लहानसहान दुरुस्त्या करून पाहिल्या. तक्रारी थांबल्या नाहीत.

२३ नोव्हेंबर १९८६ला सीबीएस वाहिनीच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमात हे प्रकरण आलं. गॅरेजचं दार उघडायला उतरलेला सहा वर्षांचा मुलगा आईच्याच गाडीखाली सापडून गेला होता. ती आई पडद्यावर बोलली. शिवाय एका गाडीचं अ‍ॅक्सिलरेटर कोणी पाय न लावता आपोआप खाली जाताना दाखवलं. त्यासाठी एका तज्ज्ञाने ट्रान्समिशनला भोक पाडून बाहेरून दाब दिला होता, हे मात्र प्रेक्षकांना सांगितलंच नाही. घराघरांत गेलं ते एवढंच, की ही गाडी माणसं मारते.

पुढे अमेरिकी सरकारच्या महामार्ग सुरक्षा खात्याने सखोल तपास करवला. १९८९ साली अहवाल आला. त्यातला मुख्य निष्कर्ष असा, की बहुतेक अपघातांत चालवणाऱ्याचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला होता. उभ्या गाडीचा ब्रेक नीट दाबला, तर इंजिन पूर्ण जोरात असलं तरी ब्रेकच जिंकतो. अपघातानंतर तपासलेल्या गाड्यांचे ब्रेक ठीक होते. म्हणजे कंपनी जे म्हणत होती, ते जवळजवळ खरंच निघालं.

पण तोवर उशीर झाला होता. जुन्या ऑडीला विकताना भाव येईना, म्हणून मालक कोर्टात गेले. कंपनीने १९८९च्या मॉडेलपासून '५०००' हे नावच टाकून दिलं. १९९१ साली अमेरिकेतला खप होता १२ हजारांच्या थोडा वर! १९८५चा आकडा पुन्हा ओलांडायला २००० साल उजाडावं लागलं. निर्दोष सुटलेल्याला पंधरा वर्षांची शिक्षा.

दुसरी गोष्ट टोयोटाची. २८ ऑगस्ट २००९ला कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एक लेक्सस (टोयोटाचाच महागडा ब्रँड) सुसाट सुटली आणि एकाच कुटुंबातले चारजण गेले. चालवणारा महामार्ग पोलिसातला माणूस होता, म्हणजे नवशिका नव्हे. गाडीतून मदतीसाठी केलेला फोन रेकॉर्ड झाला होता आणि तो अमेरिकाभर ऐकला गेला. तपासात निघालं, की दुसऱ्याच मॉडेलची मॅट त्या गाडीत टाकली होती आणि तिच्यात अ‍ॅक्सिलरेटर अडकलं होतं.

सप्टेंबर २००९मध्ये मॅटसाठी ३८ लाख गाड्यांना इशारा देण्यात आला. जानेवारी २०१०मध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर चिकटून राहतं म्हणून आणखी २३ लाख गाड्यांचं रिकॉल. पाठोपाठ आठ मॉडेलांची विक्रीच थांबवली. २४ फेब्रुवारीला कंपनीचे अध्यक्ष, संस्थापकांचे नातू अकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसले आणि त्यांनी माफी मागितली. आम्ही फार वेगाने वाढलो आणि सुरक्षितता आधी, मग दर्जा, मग खप हा आमचा क्रम बिघडला, असं त्यांनी मान्य केलं.

इथेही तपास झाला. त्यात 'नासा'चे इंजिनिअरसुद्धा होते. फेब्रुवारी २०११मध्ये त्यांनी सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक्समध्ये गाडी सुसाट सुटण्याचं कारण सापडत नाही. (ऑक्टोबर २०१३मध्ये ओक्लाहोमातल्या एका ज्यूरीने मात्र एका अपघातात सॉफ्टवेअरलाच दोषी धरलं.) पण टोयोटा ऑडीसारखी निर्दोष नव्हती. मॅट आणि पेडलचे दोष खरेच होते. त्याबद्दल ग्राहकांची दिशाभूल केली, हे कंपनीने २०१४ साली कबूल केलं आणि १२० कोटी डॉलर दंड भरला.

मग खपाचं काय झालं? २०१० साली अमेरिकेतला बाजार ११ टक्क्यांनी वाढला असताना टोयोटाचा खप अर्ध्या टक्क्याहूनही कमी घटला. म्हणजे फटका बसला, पण कंबरडं मोडलं नाही. त्यासाठी बिनव्याजी कर्जं द्यावी लागली, हेही खरं. २०१२ साली कंपनी पुन्हा जगात पहिल्या नंबरवर होती. उलट, कबुलीजबाबाचा दंड २०१४ साली आला, तोवर लोक परत येऊनही झाले होते.

हा न्याय कुठला? मला वाटतं, याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: पुण्याई. टोयोटाच्या गाठीला तीस-चाळीस वर्षांची पुण्याई होती. शेजारची टोयोटा दोन लाख मैल कुरकुर न करता पळालेली लोकांनी स्वतः पाहिली होती. ऑडी तिथे नवखी आणि महागडी. तिच्याबद्दल लोकांना पहिली ठळक गोष्ट कळली ती हीच.

पण पुण्याईने सगळं उलगडत नाही. ऑडीने दिलेलं उत्तर होतं, 'चूक तुमच्या पायाची.' ज्या आईचं लेकरू गेलं, तिला हे ऐकवायचं? आणि हे उत्तर तरी पुरतं खरं होतं का? १९८९चा अहवाल नीट वाचला तर त्यात आणखी एक गोष्ट आहे. ऑडीत दोन्ही पेडलांची ठेवण अमेरिकी गाड्यांपेक्षा वेगळी होती, आणि इंजिनच्या एका बिघाडाने गाडीला किंचित हिसका बसून चालवणारा दचकू शकत होता. दचकलेला माणूस पाय जोरात दाबतो आणि पाय भलत्याच पेडलवर असला तर आणखी जोरात दाबतो. पाय माणसाचाच चुकला, पण चुकायला वाव गाडीने दिला होता.

ऑडीलाही हे उमगलं असावं, कारण जानेवारी १९८७मध्ये सुमारे अडीच लाख गाड्यांचं जे रिकॉल झालं, त्यात एक साधं कुलूप बसवलं गेलं: ब्रेक दाबल्याशिवाय गिअर 'पार्क'मधून हलणारच नाही. त्यानंतर तक्रारी घटल्या. आज जवळपास प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत ही सोय असते. कंपनी तोंडाने 'चूक तुमची' म्हणत राहिली आणि हाताने गाडी दुरुस्त करत होती. हेच आधी नीट शब्दांत सांगितलं असतं तर?

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर नॅनोचं. मार्च २०१०मध्ये मुंबईत शोरूममधून घरी निघालेली कोरी नॅनो पेटली. आणखीही गाड्या पेटल्या. नोव्हेंबर २०१०मध्ये कंपनीने फुकट जादा संरक्षक भाग बसवून द्यायचं ठरवलं, पण 'हे रिकॉल नव्हे' असं आवर्जून सांगितलं. त्याच महिन्यात देशभरात फक्त ५०९ नॅनो खपल्या. कारणं इतरही होती, कबूल. पण जिला स्कूटरवरून चौघांनी जाणाऱ्या कुटुंबाची गाडी म्हणून आणलं, तिच्याबद्दल त्या कुटुंबाला सरळ शब्दांत सांगायला काय हरकत होती?

तेव्हा भारतात रिकॉलचा कायदाच नव्हता. २०१२ साली उत्पादकांच्या संघटनेने ऐच्छिक नियम केले. सरकारला सक्तीचा अधिकार मिळाला तो मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने, आणि त्याचे नियम लागू झाले १ एप्रिल २०२१पासून. आता रिकॉलच्या बातम्या वरचेवर येतात आणि लोक म्हणतात, 'बघा, हल्लीच्या गाड्यांना दर्जाच नाही.' मला तसं वाटत नाही. रिकॉल करत नसलेल्या कंपनीच्या गाड्या निर्दोष असतात असं थोडंच आहे?

असो. घरी असं पत्र किंवा मेसेज आला, तर कंपनीला शिव्या जरूर द्या, पण गाडी आधी दाखवून आणा. पुष्कळ लोक नेतच नाहीत.